पंचविसाव्या शतकातील मांचू



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मांचू म्हणजे १६४४ पासून १९१२ पर्यंत चीनवर राज्य करणारे लोक, एवढे शाळेत वाचल्याचे कोणाला आठवेल. परंतु ते पंचविसाव्या शतकात कोठून आले, आणि कामगारांच्या संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाला त्यांच्याशी काय कर्तव्य, असे आपण विचाराल तर ते वाजवीच आहे. त्याचे उत्तर प्रथम देतो.

विज्ञानकथा हा वाङ्मयप्रकार आपल्याला आता परका राहिलेला नाही. जयंत नारळीकरांनी त्याला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. गंगाधरपंतांच्या पानिपताची त्यांची कथा आपण अनेकांनी वाचली असेल. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झाले असते, हा तिचा प्रश्न. तो झाला मागच्या काळाचा. पाश्चात्त्य लेखकांनी पुढच्या काळाचीही अशीच मांडणी केली आहे आणि तिला ते 'भविष्याचा इतिहास' म्हणतात. ओलाफ स्टेपलडन ह्या इंग्रज लेखकाने १९३० साली मानवजातीचा पुढल्या दोन अब्ज वर्षांचा इतिहास एका पुस्तकात लिहिला. रॉबर्ट हाइनलाइन ह्या अमेरिकन लेखकाच्या कथांचा कालक्रम एका मासिकाने १९४१ साली तक्ता करून छापला. आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह ह्यांनी रोमन साम्राज्याचा ऱ्हास डोळ्यांपुढे ठेवून आकाशगंगेच्या साम्राज्याचा ऱ्हास रचला. डेव्हिड विनग्रोव्ह ह्यांच्या १९८९ पासून निघालेल्या कादंबरीमालेत तर सारी पृथ्वीच सात हान राजांच्या सत्तेखाली गेलेली आहे. हान म्हणजे चीनमधला बहुसंख्य समाज.

आता समजा, अशा एखाद्या भविष्यात लेखकाने 'मी मांचू आहे' असे म्हणणारे पात्र आणले. ते आपल्याला पटावे काय? चिकित्सक वाचक म्हणेल, छे! मांचूंची भाषा आजच मरणपंथाला लागली आहे, राज्य केव्हाच बुडाले, लोक हानांत मिसळून गेले. चारशे वर्षांनी मांचू उरणार कोठून? भाबडा वाचक म्हणेल, रक्त आहे तोवर मांचू आहेच. मला ह्या दोघांचेही म्हणणे मान्य नाही. हा प्रश्न विज्ञानाचा नसून इतिहासाचा आहे, आणि इतिहासातही तो पोटापाण्याच्या इतिहासाचा आहे. म्हणून मी तो हाती घेतला.

नावाचा जन्म

पहिली गोष्ट ही की, मांचू हे नाव काही अनादी नव्हे. त्याला जन्मसाल आहे. आजच्या चीनच्या ईशान्येस, जंगलांच्या आणि नद्यांच्या मुलखात जुर्चेन नावाच्या टोळ्या राहात. त्यांच्याच पूर्वजांनी बाराव्या शतकात उत्तर चीनवर राज्य केले होते, ते १२३४ साली मंगोलांनी बुडविले. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस नुरहाची नावाचा एक पराक्रमी नायक त्यांच्यात निपजला. त्याने टोळ्या एक केल्या, १५९९ साली मंगोल लिपीवरून आपल्या भाषेसाठी लिपी करवून घेतली, आणि १६१६ साली स्वतःला खान म्हणून घोषित केले. त्याच्या मुलाने, हुंग ताइचीने, १६३५ साली फर्मान काढले की, ह्यापुढे आपल्या लोकांस जुर्चेन म्हणू नये, मांचू म्हणावे. एका हुकुमाने नाव पालटले. दुसऱ्या वर्षी त्याने आपल्या राज्यासही छिंग हे नवे नाव दिले, आणि १६४४ साली छिंगांची फौज बीजिंगमध्ये शिरली.

परंतु नुसत्या हुकुमाने कोणी मांचू होत नाही. त्यामागे एक यंत्रणा होती, आणि तिचे नाव आठ निशाणे. पिवळे, पांढरे, तांबडे आणि निळे असे चार रंग. प्रत्येकाचे एक साधे निशाण आणि एक किनारीचे. ही रचना १६१५ पर्यंत पुरी झाली. निशाणाखाली तुकड्या असत. तुकडीला 'निरू' म्हणत; निरू म्हणजे बाण. एका तुकडीत कागदोपत्री ३०० लढवय्ये. त्यांची बायकामुले, नोकरचाकर, जमीन, लग्नकार्य, तंटेबखेडे, सगळे त्याच तुकडीच्या दप्तरात. लढाईच्या वेळी ती पलटण, आणि एरवी तोच त्यांचा गाव.

ह्या दप्तरात नुसते जुर्चेनच होते असेही समजू नका. पुढे मंगोलांची आठ निशाणे निराळी झाली, चिनी लोकांची आठ निराळी झाली. कोरियन होते. १६८५ साली अल्बाझिनच्या किल्ल्यात धरलेले रशियनही बीजिंगला आणून निशाणाखाली घातले, आणि त्यांची एक तुकडी झाली. सामान्य चिनी माणसाच्या दृष्टीने हे सारे 'निशाणवाले'च. मांचू कोण, ह्याचा निवाडा रोजच्या व्यवहारात नाकाडोळ्यांवरून होत नसे. तो दप्तरातल्या नोंदीवरून होई.

पट आणि शिधा

ज्याचे नाव पटावर, त्याला दरमहा रुप्याचा रोजमुरा आणि तांदळाचा शिधा. त्याच्या बदल्यात दोन बंधने होती. व्यापार करावयाचा नाही, कसबाला हात लावावयाचा नाही. आणि सरकार ठेवील तेथे राहावयाचे. शीआन, हांगचौ, जिंगचौ, कँटन अशा शहरांत त्यांच्यासाठी तटबंदीच्या आत वेगळ्या वस्त्या होत्या. तेथे जन्मलेला मुलगा मोठा होऊन त्याच पटावर चढण्याची वाट पाही.

येथे आम्हा कामगारांच्या ओळखीची गोष्ट सुरू होते. पटावरच्या जागा ठरलेल्या आणि घरांतली माणसे वाढत चाललेली. एका शिपायाला चार मुलगे झाले तर एकाला जागा मिळे. बाकीचे तिघे जागा रिकामी होण्याची वाट पाहात बसत. दुसरा धंदा करण्यास मनाई. गिरणीच्या फाटकाशी सकाळी उभा राहणारा बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. अठराव्या शतकाच्या मध्यास खर्च झेपेना, तेव्हा चिएनलुंग बादशहाने उपाय काढला. चिनी निशाणवाल्यांना पटावरून कमी करून सामान्य रयतेत जाऊ दिले, आणि मोकळ्या झालेल्या जागा मांचूंना दिल्या. आजच्या भाषेत त्याला छाटणी म्हणतात. जे कमी झाले त्यांची मुले-नातवंडे नुसती चिनी झाली. जे राहिले ते पक्के मांचू ठरले.

त्याच बादशहाला आपले लोक मांचू भाषा विसरत आहेत, धनुष्य ताणण्याची सवय सोडत आहेत, ह्याचा मोठा घोर होता. त्याने घराण्यांच्या वंशावळी छापविल्या, भाषेच्या परीक्षा घेतल्या, दटावण्या दिल्या. भाषा तरीही मागे पडत गेली. एकोणिसाव्या शतकात बीजिंगचा सामान्य मांचू घरी-दारी चिनीच बोले. तरी तो मांचूच राहिला, कारण नाव पटावर होते आणि शिधा चालू होता. भाषा गेली की ओळख गेली, असे म्हणणाऱ्या चिकित्सक वाचकाला ह्यात अर्धे उत्तर मिळते.

कादंबरीकार बहुधा मांचू रंगवितात तो लांब शेंडीचा. त्यात एक घोटाळा आहे. १६४५ सालच्या हुकुमाने ती शेंडी चिनी पुरुषांवर लादली होती. कपाळ तासून मागे वेणी ठेवली नाही तर डोके उडविण्याची शिक्षा. म्हणजे अडीचशे वर्षे शेंडी ही प्रजेची खूण होती. तिच्यावरून मांचू आणि चिनी असा भेद करता येत नसे. भेद दिसे तो बायकांत. मांचू स्त्रिया पाय बांधीत नसत आणि एकसंध लांब झगा घालीत. चिनी स्त्रियांच्या ज्या घट्ट पोशाखाची पुढे जगभर वाहवा झाली, त्याला चिनी भाषेत अजूनही 'निशाणवाल्यांचा झगा' अशाच अर्थाचे नाव आहे.

पट फाटला

१९११ च्या ऑक्टोबरात क्रांती झाली. शीआनमध्ये तटबंदीच्या आतल्या मांचू वस्तीवर क्रांतिकारकांनी हल्ला चढविला आणि हजारो माणसे, बायकामुलांसकट, मारली. ज्या भिंतीने त्यांना इतरांपासून वेगळे राखले होते, तिच्याआड ते आयतेच सापडले. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांचा बादशहा पुयी ह्याच्या नावाने राज्यत्यागाचे फर्मान निघाले. नव्या प्रजासत्ताकाने पाच रंगांचा ध्वज घेतला. त्यातला पिवळा पट्टा मांचूंचा मानला जाई. निशाणवाल्यांचा रोजमुरा चालू ठेवण्याचे आश्वासनही दिले होते. प्रत्यक्षात तो अडखळत चालला आणि थोड्याच वर्षांत बंद पडला.

मग ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणताही धंदा शिकू दिला नव्हता, त्यांनी करावे काय? घरातली भांडीकुंडी विकली, मग घर विकले. बीजिंगच्या रस्त्यांवर जे हजारो लोक माणसांच्या रिक्षा ओढू लागले, त्यांत निशाणवाल्यांचा भरणा मोठा होता. लाओ श ह्या थोर चिनी कादंबरीकाराची रिक्षावाल्यावरची कादंबरी जगातल्या अनेक भाषांत गेली आहे. हा लेखक स्वतः तांबड्या निशाणातल्या मांचू शिपायाचा मुलगा. तो वर्षा-दीड वर्षाचा असताना, १९०० साली आठ राष्ट्रांच्या फौजा बीजिंगवर चालून आल्या, त्या लढाईत बाप कामी आला आणि आईने धुणी धुऊन, शिवणकाम करून मुलांना वाढविले. अशा घराला सत्ताधारी जातीचे घर म्हणणे कठीण आहे.

त्या काळात मांचू म्हणविणे धोक्याचे होते, म्हणून लोकांनी आडनावे बदलली. राजघराण्याचे नाव आइसिन ग्योरो; आइसिन म्हणजे सोने, म्हणून त्यातल्या अनेकांनी सोने ह्या अर्थाचे 'जिन' हे चिनी आडनाव घेतले. ग्वालग्या घराणे 'ग्वान' झाले. पुढे १९३२ साली जपान्यांनी मांचुरियात पुयीला प्रमुख करून मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभारले, ते १९४५ पर्यंत चालले. त्यात मांचू मूठभर होते आणि बहुतेक प्रजा हान होती. पण नाव मांचूंचे बदनाम झाले. परकीयांचे हस्तक असा शिक्का आणखी वर बसला. १९५६ साली चिनी सरकारला सूचना काढावी लागली की, छिंग राजवटीचा उल्लेख 'मांचू' शब्द जोडून तुच्छतेने करू नये. अपमान रुळलेला नसता तर अशी सूचना निघाली नसती.

दुप्पट झालेले लोक

आता ह्या कहाणीतला सर्वांत विलक्षण भाग ऐका. १९५३ च्या चिनी शिरगणतीत मांचू भरले सुमारे २४ लाख. १९८२ साली ४३ लाख. आणि १९९० साली ९८ लाख. आठ वर्षांत दुपटीहून अधिक! कोणत्याही समाजात एवढी मुले जन्मत नाहीत. झाले ते असे की, ज्यांच्या घरी ही गोष्ट दबक्या आवाजात बोलली जात होती, त्यांनी कागदावरची नोंद बदलून घेतली. धोरण पालटले होते. अल्पसंख्य समाजांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशात काही गुणांची सवलत मिळू लागली होती, काही भागांत कुटुंबनियोजनाच्या नियमांतही ढील होती. १९८५ पासून मांचूंचे स्वायत्त तालुके निघू लागले. २०२० च्या शिरगणतीत हा आकडा १ कोटी ४ लाखांच्या आसपास आहे.

हे ऐकून कोणी हसेल आणि म्हणेल, हे सवलतीचे मांचू, खरे नव्हेत. त्याला मी आपल्याकडचे एक उदाहरण देतो. त्याच १९८२ साली, १८ जानेवारीला, मुंबईच्या गिरण्यांतला मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लालबाग-परळला आता भोंगा वाजत नाही. परंतु गिरणी कामगारांसाठी घरांची योजना निघाली, तेव्हा गावोगावच्या पेट्यांतून जुनी तिकिटे, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कागद बाहेर आले. ज्यांनी साचा कधी डोळ्यांनी पाहिला नाही अशा नातवंडांनी अर्जावर गिरणी कामगाराचे वारस म्हणून नाव घातले. ती खोटी आहेत काय? घर मिळण्याची आशा नसती तर कदाचित ती पेटी उघडली गेली नसती, हे खरे. पण पेटी घरात होती म्हणूनच उघडता आली, हेही तितकेच खरे. मांचूंच्या घरांतही वंशावळीचे कागद होते, पूर्वजांच्या पूजेच्या रीती होत्या, कुत्र्याचे मांस न खाण्याचा दंडक होता. सवलतीने त्या गोष्टी निर्माण केल्या नाहीत. त्या उघडपणे सांगण्याची सोय केली. शिवाय पूर्वीचा मांचूसुद्धा पटावरच्या शिध्याचाच मांचू होता, हे आपण पाहिलेच आहे.

भाषा कोणी राखली?

भाषेचे काय झाले? हैलुंगच्यांग प्रांतात सानजियाझ नावाचे एक खेडे आहे. जन्मापासून मांचू बोलणारी जी अगदी थोडी वृद्ध माणसे अलीकडच्या काळात उरली, ती तेथली. तरुण मंडळी वर्ग चालवून भाषा शिकत आहेत; तरीपण एक कोटी मांचूंची घरची भाषा चिनी आहे, ह्यात शंका नाही.

परंतु तेथून हजारो मैल पश्चिमेस, शिंच्यांग प्रांतात इली नदीच्या काठी मांचूची जवळजवळ सख्खी बहीण म्हणावी अशी भाषा बोलली गेली आणि मांचू लिपीतून लिहिली गेली. ते लोक शिबे. १७६४ साली चिएनलुंग बादशहाने ईशान्येकडल्या शिबे निशाणवाल्यांतून सुमारे हजार शिपाई निवडून, त्यांच्या बायकामुलांसह, नव्याने जिंकलेल्या पश्चिम सरहद्दीवर पाठविले. तीन हजारांवर माणसे मंगोलियातून वर्षभराची वाट तुडवीत गेली; वाटेत मुले जन्मली. तेथे त्यांनी कालवा खणला, शेती केली, पहारा दिला. सभोवार कझाक आणि उइघुर. चिनी बोलणारे थोडे. निशाणांची तुकडी हेच गाव, हीच पंचायत, हीच शाळा. निघण्याचा दिवस, चांद्रवर्षाच्या चौथ्या महिन्याची अठरावी तिथी, ते अजून सण म्हणून पाळतात. विसाव्या शतकात त्यांच्या भाषेत वृत्तपत्र निघाले. बीजिंगच्या सरकारी दफ्तरखान्यात मांचू भाषेतले सुमारे २० लाख कागद पडले आहेत. ते वाचावयास माणसे हवी झाली, तेव्हा शिबे पंडितांची मोठी मदत झाली.

आणि शिबे हे सरकारी नोंदीत मांचू नाहीत! त्यांचा वेगळा समाज मानला जातो आणि तेही स्वतःस शिबेच म्हणवितात. म्हणजे नाव एकाकडे आणि भाषा दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. ज्यांनी राजधानीत राहून नाव राखले त्यांची भाषा गेली. ज्यांना सरहद्दीवर धाडले त्यांनी भाषा राखली, पण नाव दुसरे.

कादंबरीकाराला काय सांगावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भविष्याच्या इतिहासात मांचू पटतो काय? माझे उत्तर असे की, पटतो. पण लेखकाने त्याची किंमत मोजली पाहिजे.

मांचू बादशहा पुन्हा गादीवर आला, असे लिहिले तर ते पटणार नाही. पुयीच्या दोन राज्यारोहणांनी, १९१७ च्या बारा दिवसांच्या आणि मांचुकुओतल्या, ती वाट कायमची बुजविली. शुद्ध रक्ताचा मांचू सापडला, असे लिहिले तर तेही पटणार नाही. तुकडीच्या दप्तरात कोरियन आणि रशियनही होते, आणि १९११ नंतर तर लग्नांना कसलाच आडपडदा उरला नाही.

पृथ्वीवरच्या एखाद्या मोठ्या शहरात, भाषा न येणारा पण घरातली वंशावळ जपणारा मांचू लेखकाने दाखविला, तर तो आजच्या मांचूचाच पणतू आहे. त्याच्यावर विश्वास ठेवण्यास काहीच अडचण नाही. फक्त त्या भविष्यात माणसांची समाजवार नोंद ठेवणारे सरकार असले पाहिजे आणि त्या नोंदीला काही अर्थ असला पाहिजे, सवलतीचा किंवा अपमानाचा. जेथे ही नोंद कोणी विचारीतच नाही, तेथे चार पिढ्यांत पेटी हरवते.

एखाद्या दूरच्या ग्रहावर पहाऱ्याला धाडलेली, कालवे खणून राहिलेली, मांचूतून हिशेब लिहिणारी वसाहत दाखविली, तर तीही पटेल. इलीच्या काठी ती एकदा घडलेली आहे. पण मग त्या लोकांनी स्वतःस मांचूच म्हणावे असा आग्रह लेखकाने धरू नये. दोनशे वर्षांत ते आपल्या छावणीचे, आपल्या नदीचे नाव घेतील.

नाव आणि भाषा दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी घालावयाची असतील, तर मात्र काम अवघड आहे. तेथे राजाची आज्ञा पुरत नाही, हे चिएनलुंगच्या उदाहरणावरून दिसले. सवलत पुरत नाही, हे ९८ लाखांच्या आकड्यावरून दिसले. त्याला लोकांनी आपण होऊन उभारलेली संघटना लागते. शाळा, छापखाना, वर्गणी, आणि संध्याकाळी कामावरून थकून आल्यावरही वर्गाला बसणारी माणसे. हिब्रू भाषा अशा माणसांनी पुन्हा बोलती केली. तिच्यामागे निदान रोजची प्रार्थना तरी टिकून होती. मांचूंजवळ २० लाख कागद आहेत आणि वर्ग चालविणारी थोडी तरुण मंडळी आहेत. हे थोडके भांडवल नव्हे, पण ते सरकारच्या पटावरचेही नव्हे. ते त्यांचे स्वतःचे आहे.

मांचूंच्या इतिहासातून मी जो धडा घेतला तो एवढाच. दुसऱ्याने राखलेल्या पटावर आपले नाव असणे ही सोयीची गोष्ट आहे, आणि तो पट ज्या दिवशी मिटेल त्या दिवसासाठी घरात काही शिल्लक ठेवणे हे आपले काम आहे. शिधा चालू असतानाच मुलांना कसब शिकवू द्या, असे निशाणवाल्यांच्या वतीने म्हणणारी त्यांची स्वतःची संघटना असती, तर १९१२ नंतर त्यांची जी दैना झाली ती पुष्कळ कमी झाली असती. पंचविसाव्या शतकातला मांचू कादंबरीत आणणाऱ्या लेखकाने त्याला तलवार आणि घोडा देण्यापूर्वी, त्याचे नाव कोणाच्या वहीत लिहिलेले आहे आणि त्याच्या घरी पेटीत काय आहे, हे आधी ठरवावे.